'किती इंची?' एवढंच विचारून गळ्यात मारलेला स्क्रीन

फुटलेला स्क्रीन बदलायला लॅपटॉप दुकानात नेला की काउंटरवरून एकच प्रश्न येतो, 'किती इंची?' पंधरा पॉइंट सहा म्हटलं की भाव सांगून मोकळे. रिझोल्यूशनचं नावही निघत नाही, आणि गिऱ्हाईक नाडलं जातं ते इथेच.

माझ्या भाचीचा लॅपटॉप फुल एचडी होता, १९२० × १०८०. दुरुस्त होऊन आला तो १३६६ × ७६८ होऊन. वीस लाखांवर पिक्सेल होते, त्यांचे साडेदहा लाख उरले. इंचाला १४१ होते, ते १०० झाले. पैसे मात्र पूर्ण घेतले. ती दिवसभर मराठी मजकूर तपासते. बारीक टाइपातल्या 'उद्ध्वस्त'मधला द्ध्व आता काळा गोळा दिसतो. जाब विचारला तर उत्तर काय, 'सेटिंगमधून वाढवा ना ताई!' ही शुद्ध थाप आहे. कारखान्यात जेवढे पिक्सेल बसले तेवढेच. सेटिंगमधून एकही वाढत नाही.

'आम्हाला काय माहीत' ही सबब तर मुळीच चालणार नाही. पॅनेलच्या पाठीवर स्टिकर असतो. एलजीच्या पॅनेलवर 'एलपी १५६ डब्ल्यूएच' असेल तर ते १३६६चं, 'डब्ल्यूएफ' असेल तर फुल एचडी. एका अक्षराचा फरक, आणि तो रोज स्क्रीन बदलणाऱ्याला दिसत नाही?

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. १३६६च्या पॅनेलला डेटाची एक लेन पुरते, फुल एचडीला साधारणपणे दोन लागतात. काही स्वस्त मॉडेलांत दुसऱ्या लेनच्या तारा केबलमध्ये घातलेल्याच नसतात. ३० पिनांचा कनेक्टर मात्र तोच. माणूस हौसेनं चांगलं पॅनेल आणतो, ते नीट बसतं, आणि पडदा काळाच राहतो. दोन तारांचे पैसे वाचवले कंपनीनं, भुर्दंड गिऱ्हाइकाला. ही गोष्ट माहितीपत्रकात का छापत नाहीत?

वस्तूचा दर्जा आणि प्रमाण जाणून घेण्याचा हक्क २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिलेला आहे. तेव्हा 'स्क्रीन, १ नग' एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. पॅनेलचा पूर्ण नंबर आणि रिझोल्यूशन बिलावर लिहून मागा, जुनं पॅनेल ताब्यात घ्या, आणि दुकानातच लॅपटॉप सुरू करून डिस्प्लेचा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.