आधी ऊब, मग पिल्लं
मैत्रिणींनो, बचत गटातून वनराजा, गिरिराजाची पिल्लं घेताय ना? पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. एलईडी दिवा इथे कुचकामी. जुना पिवळा बल्बच हवा, तोही साखळीने पक्का टांगलेला. खाली तूस असतं, पेटायला वेळ लागत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी, चोच उघडून कडेला पळाली तर उकाडा. हे सगळं पिल्लं वाटतानाच सांगायला हवं, पण सांगतं कोण?

आणि वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी मुळीच नको! तिचा विषारी वायू पिल्लांबरोबर शेजारी निजलेल्या बाईलाही मारतो. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.