उशाशी दोन पुस्तकं
सध्या माझ्या उशाशी दोन पुस्तकं असतात. एक बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालचं; मराठीतली पहिली कादंबरी म्हणून पुष्कळजण तिच्याकडेच बोट दाखवतात. दुसरं नातीचं, एरिक कार्लच्या खादाड सुरवंटाचं, १९६९चं. पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले, त्यामुळे यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव हिंडताना धर्मचर्चा ओघानं येतेच. खरं सांगायचं तर त्या चर्चेत मला डुलकी लागते. पण विधवांच्या कहाण्या सुरू झाल्या, केशवपनाचा विषय निघाला, की झोप उडते. तिथं उपदेशक मागं सरतो आणि उघड्या डोळ्यांनी वावरलेला माणूस बोलू लागतो. (पुढं विनायकही जातो आणि यमुनेवरच ती पाळी येते.) सुरवंट मात्र उपदेशाच्या वाटेला जात नाही. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, आणि फळाफळाला आरपार भोक. नात त्यात करंगळी घालून पलीकडून हलवते. काल तिनं माझं पुस्तक ओढून घेतलं, पानं चाळली, म्हणाली, ‘‘आजोबा, यात भोकं कुठायत?’’ कसरीनं पाडलेलं एक होतं, ते दाखवलं.