सूर्य मावळण्यापूर्वी



गेल्या पावसाळ्यात सहावीच्या वर्गातली एक मुलगी सलग तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई दारातच बसली होती. ती विधवा, शिवणकाम करून दोन मुलांना सांभाळते. खोलीच्या कोपऱ्यात जिथे शिलाई मशीन असायची, तिथे फरशीवर तिच्या पायांचे डाग तेवढे उरले होते. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "बाजी, मशीन लेको गए."

मुलाच्या आजारपणात तिने आठ हजार रुपये घेतले होते. देणारा आपल्यातलाच, पाच वक्त नमाजी. दोन हप्ते चुकले तेव्हा "पैसे द्या आणि मशीन न्या" असे सांगून त्याने मशीन उचलून नेली. आता मशीन नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून हप्ता नाही. मुलगी आईबरोबर सोयाबीन खुरपायला जाऊ लागली म्हणून शाळाही नाही.

मी ऐकून घेतले आणि घरी आले. खरे सांगायचे तर पुढचे आठ दिवस मी काहीच केले नाही. त्या माणसाची पत्नी माझ्या ओळखीची. ईदला एकमेकींच्या घरी शीरखुर्मा जातो. लोकांच्या देण्याघेण्यात आपण कशाला पडायचे, अशी मी मनाची समजूत घातली. नमाज, रोजा, तिलावत चालू होती, पण त्या फरशीवरचे डाग काही डोळ्यांपुढून हटत नव्हते.

त्याच दिवसांत या सदरासाठी मी तौरातमधील दिवाणी कायद्यांविषयी वाचत होते. कुरआनने तौरातला मार्गदर्शन आणि प्रकाश असलेला ग्रंथ म्हटले आहे (सूरह अल-माइदा, आयत 44). आज लोकांच्या हाती असलेली तौरात जशीच्या तशी शिल्लक नाही, तिच्यात मानवी हात लागला आहे, अशी आपली श्रद्धा आहे. त्यामुळे तिच्यातील गोष्ट आपण कुरआनच्या कसोटीवर लावून पाहतो. जी त्या कसोटीला उतरते, तिथे एकाच अल्लाहची शिकवण ओळखू येते. बनी इस्राईलकडून आलेल्या गोष्टी सांगण्यास हरकत नाही, असे पैगंबर (स.) यांनीही फर्मावले आहे.

तौरातच्या 'निर्गम' नावाच्या भागात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. तूर पर्वतावर ढग, विजा आणि गडगडाट यांच्यात हजरत मूसा (अ.) यांच्या कौमला दहा आज्ञा मिळतात. एवढ्या मोठ्या प्रसंगानंतर इबादतीची लांबलचक वर्णने येतील असे वाटते. पण पुढच्या तीन अध्यायांत (21 ते 23) बहुतेक काय येते? मारका बैल, उघडा खड्डा, दुसऱ्याच्या शेतात घुसलेली जनावरे, चोरीस गेलेली ठेव, उसनवारी, गहाण, साक्ष. म्हणजे आपल्या गावच्या पंचायतीत आणि तहसीलच्या आवारात रोज ऐकू येणारी प्रकरणे!

आपल्या कुरआनातही असेच आहे. संपूर्ण कुरआनातील सर्वांत मोठी आयत कोणती, असे मी एकदा महिलांच्या बैठकीत विचारले. बहुतेकींनी आयतुल कुर्सी सांगितली. ती थोर आयत आहे, पण सर्वांत मोठी आयत सूरह अल-बकराची 282 वी. तिचा विषय आहे कर्जाचा व्यवहार लिहून ठेवणे आणि साक्षीदार घेणे. ज्याला आपण 'दुनियादारी' म्हणून दीनच्या बाहेर ठेवतो, ते अल्लाहने किताबच्या मध्यभागी ठेवले आहे.

आता तौरातचा तो कायदा, ज्याने माझी झोप उडवली. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते त्याला परत करावे, असा हुकूम आहे. कारणही दिले आहे: त्याच्या अंगावर घ्यायला तेवढेच आहे, तो रात्री कशात झोपणार? आणि त्याने हाक मारली तर अल्लाह ती ऐकेल, कारण तो दयाळू आहे. तौरातच्या 'अनुवाद' या भागात (अध्याय 24) आणखी दोन गोष्टी आहेत. कोणाचे जाते गहाण घेऊ नये, अगदी नुसती वरची तळीसुद्धा नाही. कारण ते घेणे म्हणजे त्याचे जगणेच गहाण घेणे. आणि तारण घेण्यासाठी कर्जदाराच्या घरात शिरू नये. सावकाराने बाहेर उभे राहावे, कर्जदाराने स्वतः वस्तू आणून द्यावी. कर्ज घेतले म्हणून माणसाच्या उंबरठ्याची इज्जत संपत नाही.

जात्याच्या जागी शिलाई मशीन ठेवून पाहा.

आपल्या देशाचा कायदाही इथेच येऊन पोहोचला आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 सांगते की न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीतही कर्जदाराचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, तसेच शेतकऱ्याला लागणारी अवजारे, जनावरे आणि बियाणे जप्त करता येत नाहीत. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हाही आहे. मग न्यायाधीश ज्या वस्तूला हात लावत नाही, ती शेजाऱ्याने कशी उचलून न्यावी?

तारण ठेवणेच गैर, असे मात्र नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत मदीनेतील एका यहुदी माणसाकडे गहाण होते, तीस साअ जवाच्या बदल्यात. हजरत आयशा (रजि.) यांची ही रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखी ही घटना आहे. अल्लाहच्या रसूलने उधार घेताना आपली चीज तारण म्हणून दिली, आणि ज्याच्याशी व्यवहार केला तो दुसऱ्या धर्माचा होता.

यहुदी हा शब्द ऐकला की आज आपल्या घरांत कपाळावर आठ्या पडतात. पॅलेस्टाईनच्या बातम्या पाहून कोणत्या आईचे काळीज हलत नाही? पण एखाद्या कौमविषयीच्या रागाने इन्साफ सोडू नका, हा हुकूमही कुरआनचाच आहे (सूरह अल-माइदा, आयत 8). आणि आपल्या महाराष्ट्रात तर तौरात मानणारे लोक मराठीतच बोलत आले आहेत.

कोकणात अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या भागांत बेने इस्रायल समाज शेकडो वर्षे राहिला. दिवेकर, रोहेकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. या सुट्टीमागेही तौरातचाच कायदा आहे. सातव्या दिवशी मालकाने तर थांबावेच, पण त्याचा बैल, त्याचे गाढव, त्याचा नोकर आणि परका मजूर यांनाही विसावा मिळावा. म्हणजे घाण्याला जुंपलेल्या मुक्या बैलाचाही हक्क त्या शरिअतने लिहून ठेवला होता. त्यांच्यात धार्मिक विधी करणाऱ्या आणि तंटे सोडवणाऱ्या माणसाला 'काजी' म्हणत, आणि प्रार्थनास्थळाला 'मशीद'. मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेले त्यांचे सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले जाते, आणि लोकलच्या मशीद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. हे दिवेकर टिपू सुलतानांच्या कैदेत सापडले होते. कुरआनात बनी इस्राईलचा उल्लेख आहे म्हणून टिपूंच्या आईने त्यांच्या सुटकेसाठी रदबदली केली, अशी आख्यायिका त्या समाजात आहे. 2016 साली महाराष्ट्र सरकारने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

तौरातचे आणखी तीन कायदे आपल्या मराठवाड्याला जवळचे आहेत.

पहिला, खड्ड्याचा. खड्डा खणून उघडा ठेवला आणि कोणाचे जनावर पडून मेले, तर खणणाऱ्याने भरपाई द्यावी. बैलाचेही तसेच. बैल मारका आहे हे ठाऊक असून मालकाने बांधला नाही, तर गुन्हा मालकाचा. 'मी मुद्दाम केले नाही' ही सबब तिथे चालत नाही. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रत्येक दुष्काळात आपल्याकडे बोअर घेतले जातात. किती कोरडे गेले आणि त्यांपैकी किती उघडेच राहिले? सोडून दिलेले बोअर बुजवावेत, तोंड पक्के बंद करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच बजावले आहे. पैगंबर (स.) यांनी रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा सांगितली. मग आपल्या शेतातला उघडा बोअर बंद करणे हे काय नुसते सरकारी काम आहे?

दुसरा, मजुरीचा. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या, ही हदीस आपल्याला पाठ आहे. पण खुरपणीच्या बायांना 'पुढच्या बाजारी या' असे सांगणाऱ्यांत आपणही आहोत.

तिसरा, वैऱ्याच्या बैलाचा. ज्याच्याशी वैर आहे त्याचा बैल किंवा गाढव चुकलेले दिसले तर ते त्याच्याकडे नेऊन पोहोचवावे. ओझ्याखाली त्याचे जनावर बसले असेल तर त्याला हात द्यावा. बांधाच्या वादात सख्ख्या भावांचे बोलणे वीस-वीस वर्षे बंद असलेली घरे आपण पाहतो. कायदा 'आधी गळाभेट घ्या' म्हणत नाही. बैल तेवढा सोडवा म्हणतो. एकदा दोघांनी मिळून बैल उठवला की बोलणे आपोआप निघते.

याच अध्यायांत एक ओळ माझ्यासाठीच होती. बहुसंख्य लोक चुकीच्या बाजूला झुकले तरी त्यांच्यामागे जाऊ नका. आणि तिच्या लगेच पुढे: गरीब आहे म्हणून त्याच्या खटल्यात पक्षपातही करू नका. सूरह अन्-निसाच्या 135 व्या आयतीत हेच आहे. साक्ष इन्साफची द्या, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना, समोरचा श्रीमंत असो वा गरीब.

नवव्या दिवशी मी त्या घरी गेले. आधी त्याच्या पत्नीशी बोलले, मग तिने नवऱ्याला बोलावले. तो चिडला. "बाजी, मेरे पैसे हराम के हैं क्या?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मूळ रक्कम त्याच्या कष्टाची होती. एका माणसाने पैगंबर (स.) यांच्याकडे कर्जाचा तगादा कठोर शब्दांत लावला, तेव्हा सहाबा संतापले. पण हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे, असे सांगून पैगंबरांनी त्यांना थांबवले होते. म्हणून मी त्याला म्हटले, "भाईजान, पैसे तुमचेच आहेत, तिने द्यायलाच हवेत. पण मशीन तुमच्याकडे बंद पडून आहे. त्यातून ना तुम्हाला काही मिळते ना तिला."

मग मी त्याला हजरत दाऊद (अ.) आणि हजरत सुलैमान (अ.) यांचा निवाडा सांगितला. रात्री मेंढ्या एकाच्या शेतात शिरल्या, त्याचा उल्लेख सूरह अल-अंबियात आहे. तफसीरमध्ये येते की मेंढ्या शेतवाल्याला कायमच्या द्याव्यात, असा निर्णय आधी झाला. सुलैमान (अ.) यांनी सुचवले की शेत पूर्ववत होईपर्यंत मेंढ्यांचे दूध आणि लोकर शेतवाल्याने घ्यावी. मेंढीवाल्याने शेत पुन्हा उभे करून द्यावे, मग ज्याचे त्याला परत मिळावे. नुकसान भरून निघाले, आणि कोणी उद्ध्वस्त झाले नाही. चांगला निवाडा तो, जो घेणेकऱ्याचा हक्क बुडवत नाही आणि देणेकऱ्याचे हातही तोडत नाही.

तो बराच वेळ गप्प राहिला. त्या दिवशी "पाहू" एवढेच म्हणाला. चार दिवसांनी मगरिबच्या आधी मशीन घरी आली. वर जे पैसे लावले होते ते त्याने सोडले, मूळ रकमेचे छोटे हप्ते वहीत लिहिले गेले आणि दोन्हीकडून साक्षीदारांच्या सह्या झाल्या. त्या बहिणीलाही मी सांगितले की हप्ता चुकवू नकोस. कर्ज ठेवून मरण पावलेल्या माणसाची जनाजा नमाज पढवण्यास पैगंबर (स.) थांबले होते, आणि अबू कतादा (रजि.) यांनी कर्जाची जबाबदारी घेतल्यावरच त्यांनी ती पढवली.

मुलगी शाळेत येते. बुडालेल्या दिवसांचा अभ्यास अजून पुरता भरून निघालेला नाही. त्यातले आठ दिवस माझ्या खात्यावर आहेत. मजलूमाची दुआ आणि अल्लाह यांच्यात पडदा नसतो, हे मी वर्गात कितीदा शिकवले आहे. तिने त्या आठ दिवसांत काय दुआ केली, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

या महिन्यात घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एवढे पाहावे. आपल्या घरात कोणाची अशी वस्तू पडून आहे का, जिच्यावर त्याची रोजी चालते? कोणाची मजुरी राहिली आहे का? शेतातला बोअर झाकला आहे का? घेतलेले-दिलेले लिहून ठेवले आहे का? आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याचे एखादे ओझे आपल्याला उचलता येईल का?

अल्लाह आपल्याला हुकूक-उल-इबाद ओळखण्याची आणि सूर्य मावळण्यापूर्वी ते अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.