पंचनाम्यानंतरची रात्र

घरफोडीचा हिशेब आपल्याकडे दोनच रकान्यांत मांडला जातो. काय गेले, आणि चोर सापडला की नाही. वृत्तपत्रेही, त्यांत आमचेही आले, तेवढेच छापतात: अमुक गावी बंद घर फोडले, इतक्या लाखांचे दागिने लांबविले, पोलीस तपास करीत आहेत. परंतु ज्या घराचे दार चौकटीसकट उखडले गेले, त्या घरातील माणसांनी ती पुढची रात्र कशी काढली, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. आम्हीही आजवर केली नव्हती. ती करण्याचा प्रसंग नुकताच आला, म्हणून हा विषय आज अग्रलेखात घेत आहोत. तो क्षुल्लक वाटल्यास वाचकांनी शेवटपर्यंत वाचून मग तसे म्हणावे.

बारदेशातील एका गावी आमचे एक जुने स्नेही राहतात. पेशाने शिक्षक, आता निवृत्त. मुले परदेशी, घरात पतिपत्नी दोघेच. भाचीच्या लग्नाला दोन दिवस बाहेरगावी गेले असता मागल्या पडवीचे दार पहारीने फोडून चोर आत शिरले. कपाटे उचकटली, रोकड आणि दोन सोन्याचे जिन्नस नेले. शेजारणीने सकाळी पाहिले आणि फोन केला. मास्तर दुपारी पोहोचले, तोवर पोलीस येऊन गेले होते आणि ‘कशालाही हात लावू नका’ असे बजावून गेले होते. ठसेतज्ज्ञ सायंकाळी आले. त्यांनी आपले काम चोख केले आणि दिवेलागणीला ते गेले. गावचा सुतार तोवर काम आटोपून घरी गेला होता. हार्डवेअरचे दुकान बंद झाले होते. दुसरा दिवस रविवारचा. सत्तरी ओलांडलेल्या त्या दोन माणसांनी पडवीच्या दाराला धान्याचा पेटारा लावला, त्यावर जाते ठेवले आणि दिवा जळता ठेवून रात्र बसून काढली. सोमवारी सुतार आला, माप घेऊन गेला. सोमवारीच रात्री चोर पुन्हा आले. पेटारा त्यांनी हाताने बाजूला सारला. या वेळी त्यांनी देवघरातील समया, तांब्याचा हंडा आणि पितळेची परात नेली. पहिल्या रात्री हे सामान त्यांनी पाहून ठेवले असणार. जड म्हणून टाकून गेले असणार. मास्तर आणि त्यांची पत्नी माजघरात जागी होती. दोघांनीही आवाज केला नाही. ‘ओरडलो असतो तर आत आले असते,’ एवढेच मास्तर आम्हांस म्हणाले.

चोर दुसऱ्यांदा येतो ही गोष्ट ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. आता तेथे काय उरले, अशी आपली भाबडी समजूत. वास्तविक चोराच्या दृष्टीने एकदा फोडलेले घर हे सर्वांत सोपे. वाट माहीत, कुत्रा आहे की नाही हे माहीत, कोणत्या खोलीत काय आहे हे माहीत, आणि दार तर मोडलेलेच. या विषयाचा अभ्यास परदेशांत झालेला आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथील कर्कहोल्ट या दोन हजारांवर घरांच्या वसाहतीत १९८० नंतरच्या दशकात असे आढळले की, एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा संभव इतर घरांच्या चौपटीहून अधिक होता. कॅनडातील सॅस्कटून शहरातील नोंदी तपासणाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले की हा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो, आणि त्या महिन्यात पुन्हा फोडलेल्या घरांपैकी निम्मी पहिल्या सात दिवसांतच फोडली जातात. मास्तरांच्या घरी तिसरी रात्रही उलटली नव्हती.

कर्कहोल्टमध्ये मग त्यांनी काय केले, हे आमच्या गृहखात्याने आवर्जून पाहावे. साऱ्या वसाहतीवर पहारा बसविण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. जे घर फोडले गेले, तेवढ्याच घराकडे तातडीने लक्ष पुरविले. त्याची दारे-कुलुपे लगोलग मजबूत केली आणि लगतच्या पाच-सहा घरांना त्या घरावर नजर ठेवण्याचे सांगितले. घरोघरी नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर चोरांचे आवडते लक्ष्य होते, तेही काढून टाकले. तीन वर्षांत तेथील घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी उतरल्या. मीटर काढल्याचा त्यात वाटा होताच, हे मान्य केले पाहिजे. तरीही फोडलेल्या घरापासून आरंभ करावा, ही त्यातील मूळ कल्पना उसनी घेण्यास खर्च तो कितीसा?

आता आमचा कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३१व्या कलमात चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीस दिवसा दहा वर्षांपर्यंत आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात चौदा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. जुन्या दंडसंहितेतही हाच भेद होता. म्हणजे रात्रीचे भय कायद्याला ठाऊक आहे. १८६० पासून ठाऊक आहे. परंतु त्याला ठाऊक आहे ती गुन्ह्याची रात्र. गुन्ह्यानंतरच्या रात्रीचा त्याच्या लेखी पत्ता नाही. फुटलेले दार त्याच्या दृष्टीने पुरावा आहे, आणि पुराव्याला हात लावायचा नसतो.

याच जोडीने आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, त्याचे चित्रीकरण करावे, अशी तरतूद केली आहे; राज्य सरकारांनी पाच वर्षांच्या आत तारीख ठरवून ती अमलात आणावयाची आहे. घरफोडी या मर्यादेत बसते. तरतूद चांगली आहे. हाताच्या ठशावाचून, पहारीच्या खुणेवाचून सुटलेले चोर आपण पुष्कळ पाहिले. पण तज्ज्ञ मोजके आणि गावे पुष्कळ, तेव्हा वाट पाहण्याचे तास वाढणार हे सांगावयास ज्योतिषी नको. सकाळी फुटलेले दार सायंकाळपर्यंत जसेच्या तसे ठेवावयाचे, आणि सायंकाळनंतर ते बंद करण्यास कोणी नाही, अशी ही कोंडी आहे. तपास आणि संरक्षण ही एकाच यंत्रणेची दोन कामे असताना एकाने दुसऱ्याचा गळा धरावा, हे बरे नव्हे.

पोलिसांवर सरसकट ठपका ठेवण्याची आमची इच्छा नाही. एकेका ठाण्याखाली किती गावे येतात आणि रात्रपाळीला किती शिपाई उरतात, हे आम्ही जाणतो. परंतु काही गोष्टींस मनुष्यबळ लागत नाही, पद्धत लागते. बेवारस दार अंधार पडण्यापूर्वी बंद झाले पाहिजे, हा मुद्दा घटनास्थळी गेलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात असला तर ठसेतज्ज्ञांना प्रथम दाराकडे पाठवावे, कपाटांकडे मागाहून, हे त्याला आपोआप सुचेल. दाराचे काम झाले की ‘आता हे बंद करण्यास हरकत नाही’ असे घरधन्याला स्पष्ट सांगावे. शक्य तर लिहून द्यावे. सामान्य माणूस पोलिसांच्या ‘हात लावू नका’ला इतका भितो की ते गेल्यानंतरही दोन दिवस काचा तशाच पडू देतो.

दार तात्पुरते बंद करणे हीही एक विद्या आहे, आणि तीत आपण फारसे निष्णात नाही. खिडकीला ताडपत्री बांधली की काम झाले असे पुष्कळांस वाटते. ताडपत्रीने पाऊस अडतो, माणूस अडत नाही. उलट आत काय चालले आहे ते ती शेजाऱ्यांपासून झाकते. जाड प्लायवूडची फळी हवी, आणि ती चौकटीला स्क्रूने आवळली पाहिजे. आमच्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. त्यात ठोकलेला खिळा हाताने उपटून येतो. चौकटच वाळवीने खाल्लेली असेल तर आतून एक आडवे लाकूड खिडकीपेक्षा लांब घ्यावे, बाहेरून फळी लावावी आणि दोहोंतून आरपार बोल्ट घालून आत नट आवळावा. बोल्टचा माथा बाहेरच्या बाजूस गोल असावा, म्हणजे पान्याला पकड मिळत नाही. दाराचे कुलूप तुटले नसून चौकटीची कड फाटली असेल, तर नवे कुलूप बसवून काही साधत नाही. आधी फाटलेल्या जागेवर लोखंडी पट्टी लांब स्क्रूने बसवावी. किल्ल्यांचा जुडगा गेला असेल तर फळ्यांच्या आधी कुलपे बदलावी. आणि घाबरून सगळीच दारे ठोकून बंद करू नयेत. एक दार आतून तत्काळ उघडेल असे राहिलेच पाहिजे. आगीचे भय चोरासारखे वार्ता देऊन येत नाही, चोरही देत नाही म्हणा. हे सारे करण्यापूर्वी फुटलेल्या जागेची छायाचित्रे जवळून व लांबून घेऊन ठेवावीत. विमा असला तर त्याला ती लागतातच. मात्र २०२१ पासून प्रचारात आलेल्या प्रमाणित ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात मूळ संरक्षण आग, वादळ, पूर यांसारख्या आपत्तींचे असते, घरफोडीचे वेगळे घ्यावे लागते, हे पुष्कळांना घर फुटल्यावरच कळते.

जुनी घरे बांधणाऱ्यांना यातले बरेचसे ठाऊक होते. दाराच्या मागे भिंतीच्या जाडीत सरकणारी आगळ असे. रात्री ती एका भिंतीतून ओढून दुसऱ्या भिंतीच्या खाचेत घातली की कडी-कोयंडा तुटला तरी दार हलत नसे. नव्या बांधणीत आगळीच्या जागी नाजूक लॅच आले, आणि जुन्या घरांतील आगळी कोठे सरपणात गेल्या, कोठे शहरी दिवाणखान्यांत शोभेच्या वस्तू झाल्या.

परंतु आगळ आतून लागते; घरात माणूस असावा लागतो. आमचे खरे दुखणे तेथे आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाच घरांमागे एक घर रिकामे आढळले होते. कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी लंडनला. चतुर्थीला पंधरा दिवस घर उघडते, माटोळी बांधली जाते, गजबज होते आणि पुन्हा कुलूप. उलट त्याच चतुर्थीत पणजी-मडगावचे फ्लॅट ओस पडतात. चोरांचे पंचांग आपल्यापेक्षा पक्के असते. असे बंद घर फुटले तर पोलिसांनी पंचनामा कोणासमोर करावयाचा आणि दार कोणी लावावयाचे? घर पाच-सात भावंडांच्या समाईक नावावर, त्यांतले दोघे परमुलखी, एकाचे दुसऱ्याशी बोलणे नाही. सुताराची मजुरी कोणी द्यावी यावरून पत्रव्यवहार होतो आणि दार पावसात उघडे राहते. मग चोरांच्या मागून पाऊस शिरतो, पावसामागून वाळवी, आणि चोरांनी नेले त्याच्या दसपट नुकसान त्या उघड्या दाराने होते. देवळांची अवस्था याहून निराळी नाही. फंडपेटी फोडली गेली की गर्भागाराचे मोडके दार ‘समितीची बैठक होईपर्यंत’ सुतळीने बांधून ठेवलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीजकालीन कायद्याने चालतो, हे खरे. पण महाजनांनी एक फळी ठोकण्यास त्या कायद्याची आडकाठी असेल असे आम्हांस वाटत नाही.

येथे ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. प्रत्येक पंचायतीने चार प्लायवूडच्या फळ्या, थोडे नटबोल्ट, दोन साखळ्या-कुलुपे आणि गावातील सुतारांची दूरध्वनीसह यादी ठेवावी, हे काही योजना आयोगाकडे पाठविण्याजोगे काम नव्हे. तो आयोगही आता उरला नाही. जो घरधनी हजर असेल त्याने खर्च द्यावा. जो नसेल त्याच्याकडून तो मागाहून वसूल करावा. नगरपालिकांनी तर हे याआधीच करावयास हवे होते. शेजाऱ्यांचा वाटा याहून मोठा. मराठी मुलखात जुन्या काळी गावच्या जागल्याने चोराचा माग शेजारगावच्या शिवेपर्यंत नेऊन द्यावा, असा रिवाज होता. चोरी ही एका घराची नसून गावाची, असे त्यामागचे गृहीत. तो रिवाज परत येणे नाही. पण फुटलेल्या घरी पहिले सात दिवस शेजारच्या एकाने रात्री झोपावयास जाणे, एवढे तरी गावाला जमावे. मास्तरांच्या घरी दिवसभरात चाळीस माणसे येऊन गेली. प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली, कपाट पाहिले, चहा घेतला. रात्री कोणी थांबले नाही. कोणी थांबा म्हटलेही नाही. मास्तरांना ते मागणे संकोचाचे वाटले.

नव्या संहितेनुसार तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवावी लागते. ती मास्तरांना यथाकाल कळेलही. आमची मागणी त्याहून लहान मुदतीची आहे. घरफोडीच्या प्रत्येक नोंदीत, चोरीस गेलेल्या मालाच्या यादीखाली, पोलीस ठाण्याने आणखी एक ओळ लिहावी: फुटलेले दार किती वाजता आणि कोणी बंद केले. ती ओळ कोरी राहिल्यास वरिष्ठांनी त्याचे कारण दुसऱ्या दिवशी सकाळी विचारावे. पोलीस महासंचालकांच्या एका परिपत्रकाने हे होण्याजोगे आहे. विधानसभेची त्यास गरज नाही. मास्तरांच्या पडवीचे दार सुताराने अकराव्या दिवशी बसविले. मास्तरांनी त्याच्याकडून भिंतीत दोन खाचा पाडून घेतल्या आणि फणसाच्या लाकडाची आगळ करविली. ती बरीच जड आहे. दोघांना मिळून उचलावी लागते.