साडेसहाची फेरी

गेल्या आषाढातली गोष्ट आहे. लक्ष्मीपुरीतील आमच्या पेढीवर पंधरा वर्षे हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींनी एके दिवशी संकोचाने विचारले, “अण्णा, उद्यापासून पाचला निघालो तर चालेल का?” आवकेचे दिवस नव्हते, तरीही रोजच पाचला निघायचे म्हणजे काय, असे मी जरा तुटकपणेच विचारले. तेव्हा ते म्हणाले, “साडेसहाची यष्टी बंद झाली. पोरगी घरला कशी यायची?”

मुलगी अकरावीत, विज्ञान शाखेत. शाळा गावापासून नऊ किलोमीटरांवर. जादा तास सहाला सुटतो आणि पाच-पंधराची गाडी तोवर निघून गेलेली असते. पावसाळी अंधारात, दोन्ही बाजूंना ऊस उभा असलेल्या रस्त्याने तिला एकटी चालत कोण पाठवील? म्हणून कोल्हापूरहून दुचाकीने वडिलांनी जायचे आणि तिला घेऊन घर गाठायचे. हे जमले नाही तर दिवाळीनंतर तिचे नाव काढायचे, असे घरात ठरले होते. शाळेचे नाव ऐकून मी गप्प झालो. त्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर मी बारा वर्षे आहे.

इमारतीसाठी देणग्या गोळा केल्या, प्रयोगशाळेला उपकरणे दिली, निकालाची टक्केवारी दर वर्षी वाचली. मुले शाळेत येतात कशी, हा प्रश्न मात्र बारा वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नाही. येणार तरी कसा? माझ्या नातवाला न्यायला शहरातील शाळेची पिवळी बस दारात येते आणि तिचे शुल्क आम्ही वर्षाच्या आरंभीच भरून मोकळे होतो.

ग्रामीण भागातील मुलाची पिवळी बस म्हणजे एस.टी. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे तिसरा हिस्सा घरचा आणि उरलेला शासनाचा. पाचवी ते बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत पास पूर्णपणे विनामूल्य आहे. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते की खासगी संस्थेच्या, यावर ही सवलत अवलंबून नाही. शाळा मान्यताप्राप्त असावी आणि तिने दाखला द्यावा, एवढे पुरते. आपल्या जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षणाचा केवढा मोठा भार खासगी संस्थांवर आहे, हे लक्षात घेतले की या एका पासावर किती घरांचे शिक्षण उभे आहे याची कल्पना येते.

हा विषय मी सभेत काढला, तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी वेगळीच शंका उपस्थित केली. खासगी संस्थेची मुले सरकारी खर्चाने का आणावीत? संस्था आपली, तर वाहनही आपले असावे. शंका प्रामाणिक होती आणि जुनीही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका गावाने कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही बसभाडे परत देण्याचे ठरवले, तेव्हा एव्हरसन नावाच्या करदात्याने दावा लावला होता. १९४७ च्या फेब्रुवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. रस्त्यावरचा पोलीस जसा कोणत्याही शाळेच्या मुलाला सांभाळतो, तसेच हे साहाय्य आहे, ते मुलाला मिळते, शाळेला नव्हे, असा बहुमताचा आशय होता. मला हेच पटते. पण विरुद्ध मत देणाऱ्या चौघांची धास्तीही अगदीच निराधार म्हणवत नाही. आमच्याच माहितीपत्रकात ‘एस.टी.ची उत्तम सोय’ ही ओळ संस्थेच्या सुविधांत छापलेली मी नंतर पाहिली. ती सोय आम्ही केलेली नव्हती, आणि ती चालू आहे की बंद, हेही आम्हाला ठाऊक नव्हते.

अंतराचा हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणाऱ्या शाहू महाराजांनी त्याआधीच ओळखले होते की पुढच्या शिक्षणासाठी खेड्यातील मूल रोज शहरात येऊ शकत नाही. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग निघाले आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. कुंभोजचे भाऊराव पाटील आपल्या जैन बोर्डिंगात राहिले, तेथून त्यांना बाहेरही पडावे लागले, आणि पुढे त्यांनीच रयत शिक्षण संस्थेद्वारे खेड्यापाड्यांतील मुलांसाठी वसतिगृहे काढली. त्या पिढीने मुलाला शाळेजवळ आणून ठेवले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि हळूहळू मूल आईजवळ राहून शिकू लागले. मुलींच्या बाबतीत तर हा बदल फार मोठा होता. वसतिगृहात मुलगी ठेवायला तयार नसलेले घर तिला पासावर पाठवायला तयार झाले. म्हणूनच एक फेरी बंद झाली की आधी मुलीचे शिक्षण थांबते. मुलगा कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून घरी पोहोचतो.

आम्ही तिघे विश्वस्त आगारात गेलो. जाताना मनात तक्रारीचा कागद तयार होता. आगारातील अधिकाऱ्यांनी शांतपणे नोंदी दाखवल्या. शाळा पाचला सुटायची, मुले पाच-पंधराने जायची, साडेसहाची गाडी बहुधा रिकामी धावायची, म्हणून ती फेरी दुसऱ्या मार्गाला दिली. मग त्यांनी विचारले, “जादा तास जूनपासून सहापर्यंत केलात, त्याचे पत्र आम्हाला दिलेत का?” दिले नव्हते. तासांची वेळ ठरवणाऱ्या सभेला मीही उपस्थित होतो आणि ठरावावर माझी सही आहे.

परत आल्यावर कार्यालयात चौकशी केली. जून २०२४ पासून पास शाळेतच देण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे कोणत्या गावची किती मुले एस.टी.ने येतात याच्या याद्या शाळेच्याच कपाटात होत्या. पाच-पंधराच्या मार्गावर अकरावी-बारावीच्या एकोणीस मुली निघाल्या. आणखी एक गोष्ट कळली. सकाळची गाडी सव्वानऊला पोहोचते आणि शाळा अकराला भरते. तोवर या मुली व्हरांड्यात बसून असतात. जादा तास सकाळी साडेनऊला घेतला, तर संध्याकाळच्या फेरीचा प्रश्नच उरत नव्हता.

इतके सोपे होते, पण सोपे गेले नाही. शहरातून येणाऱ्या दोन शिक्षकांना सकाळची वेळ अडचणीची होती आणि बाजारपेठेतील काही पालकांच्या मुलांचे खासगी वर्ग त्याच वेळी होते. हे पालक देणगीदार आहेत, आपल्यापैकीच आहेत. त्यांनी फोन करून नाराजी कळवली. एकाने तर म्हटले, “थोड्या मुलींसाठी सगळ्यांची वेळ का बदलता?” मी त्यांना यादी दाखवली. थोड्या नव्हेत, वर्गातील निम्म्याहून अधिक होत्या. दिवाळीनंतर वेळ बदलली. एका शिक्षकांनी तास सोडला आणि त्यांच्या जागी दुसऱ्या शिक्षिकेची सोय संस्थेने केली.

दिवाणजी आता पूर्वीसारखे सातला पेढी बंद करून जातात. मुलगी बारावीत गेली आहे.

डोंगराकडच्या दोन वाड्यांचे काम मात्र अजून अडले आहे. तेथे गाडी जातच नाही, मुले तीन किलोमीटर चालून फाट्यावर येतात, म्हणून ती पासाच्या यादीत दिसतात ती फाट्याच्या नावाने. ती नेमकी कोठून निघतात, हे वर्गावर्गांतून विचारून लिहून काढण्यास मी लिपिकांना सांगितले आहे. आठवी आणि नववीचे झाले आहे. दहावीचे बाकी आहे.