डाळ महागली, ताट कसे सावरावे?

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पण भाजी, तेल, डाळ बहुतेकांना बाजारातूनच आणावी लागते. 2015 साली काही शहरांत तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती. अशा वेळी गरिबाच्या घरी आमटीत पाणी वाढते. पोट भरते, पण अंगात बळ येत नाही.

म्हणून आम्ही सुचवतो, तूर परवडत नसेल तर मटकी, चवळी, हुलगे, हरभरा यांतले जे स्वस्त असेल ते घ्या. भाकरी-भाताबरोबर कडधान्य असले की दोन्हींतील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. मोड आणल्याने क जीवनसत्त्व वाढते. शेवग्याचा पाला गावात पुष्कळदा फुकट मिळतो, त्यात लोह आणि कॅल्शियम आहे. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. भाताची पेज ओतून देऊ नका.

आणखी एक. याच कायद्याने रेशनकार्डासाठी घरातील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले आहे. मग कुटुंबप्रमुखाने सर्वांच्या मागून, उरलेसुरले का खावे? मुलगा-मुलगी, सासू-सून सर्वांना सारखे वाढा आणि स्वतःचेही ताट वाढून घ्या. धान्य मापात कमी आले तर पावती मागा, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. हे धान्य कुणाचे उपकार नव्हेत, आपला हक्क आहे.