मैदानात परतण्याचा अखत्यार कोणाचा?

विद्यार्थी खेळाडूच्या डोक्याला मार बसून मेंदूला हादरा (कन्कशन) बसल्याचा नुसता संशय आला, तरी त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू देऊ नये, आणि पुढे केव्हा उतरू द्यावे हे त्याच्या इच्छेवर, शिक्षकाच्या अंदाजावर किंवा संघाच्या निकडीवर न सोडता लेखी नियमाने ठरवावे, असे प्रतिपादन केले की अमरावती-अकोल्याच्या क्रीडावर्तुळातून जे आक्षेप निघतात ते वाईट हेतूचे नसतात. म्हणूनच त्यांचा एकेक करून परामर्श घेणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप परंपरेच्या नावाने घेतला जातो. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या ज्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतुतूसारखे देशी खेळ जगापुढे मांडले, त्याच्या गावातील पोरांना टोल्याची धास्ती घालणे म्हणजे त्यांना नाजूक करणे होय, असे म्हणतात. परंतु ज्या मुष्टियुद्धाचा अकोल्याला सार्थ अभिमान आहे, त्याचाच दाखला घ्यावा. डोक्यावरील ठोशाने बाद झालेल्या हौशी मुष्टियोद्ध्यास किमान ३० दिवस रिंगणात उतरण्याची मनाई असते. ठोसा मारणे हाच ज्या खेळाचा धर्म, त्याने हे बंधन पत्करले असता त्याचे खेळाडू नाजूक झाले, असे म्हणण्यास कोणी धजेल काय? सामर्थ्याची उपासना आणि मेंदूची हेळसांड या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरा आक्षेप असा की, पोरगा बेशुद्ध पडला नाही आणि स्कॅनही स्वच्छ आला, मग अडचण कोणती? येथे दोन गैरसमज एकत्र नांदतात. कन्कशनमध्ये बहुतेक खेळाडू बेशुद्ध होतच नाहीत. आणि स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा अस्थिभंग दिसतो, कवटीच्या आत हिसका बसून मेंदूच्या कार्यात झालेला बिघाड सहसा दिसत नाही. शिवाय लक्षणे उशिरा प्रकट होऊ शकतात. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे मिचेल स्टार्कचा चेंडू हेल्मेटवर लागल्यानंतरही रवींद्र जडेजा फलंदाजी करीत राहिला. भोवळ जाणवली ती तंबूत परतल्यावर, आणि नियमानुसार युझवेंद्र चहल त्याच्या जागी उतरला. आंतरराष्ट्रीय संघाच्या वैद्यकीय ताफ्यासमोर जे लगेच उघड झाले नाही, ते तालुक्याच्या मैदानावर शिट्टी हाती असलेल्या शिक्षकाने नजरेने ओळखावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मोहक: मुलालाच विचारा, स्वतःचे शरीर त्याला ठाऊक! प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. कबड्डीत घोटा पकडण्यासाठी वाकलेल्या कोपरारक्षकाच्या कानशिलावर चढाईपटूचा गुडघा बसतो, तो मातीत बसून डोळे मिचकावतो, तोंडावर पाणी मारले जाते, आणि “कसं वाटते रे?” या प्रश्नाला “काई नाई झालं सर, खेळतो मी” हे उत्तर प्रश्न संपण्याआधीच येते. हे उत्तर खोटेपणातून येत नाही; ते गरजेतून येते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण ज्याच्यापुढे आहे, दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि पुढे सरकारी नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण ज्याच्या कुटुंबाच्या आशेचा आधार आहे, त्याची साक्ष या मामल्यात निःपक्षपाती कशी मानावी? आणि ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा, तोच तर जायबंदी झालेला असतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: मेळघाटाच्या किंवा पातूरच्या शाळेने तज्ज्ञ कोठून आणावा? उत्तर असे की, मुलाला बाहेर काढण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, संशय पुरतो. हा डाव पहिला की दुसरा, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी झाला, हे शिक्षकाने विचारावे. उत्तर चुकले तर संशय बळावला, बरोबर आले तरी तो फिटला असे मात्र नव्हे. कबड्डीच्या बारा जणांच्या संघात पाच राखीव असतातच. वारंवार ओकारी, झटके, वाढती डोकेदुखी किंवा मंदावणारी शुद्ध दिसली, तर अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय विनाविलंब गाठावे.

आता मंडन. एकदोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि हलकी दैनंदिन हालचाल, मग चालणे किंवा सायकल, मग एकट्याचा सराव, मग झटापटीविना संघाचा सराव, मग पूर्ण सराव आणि शेवटी सामना, असा सहा पायऱ्यांचा क्रम खेळातील कन्कशनविषयीच्या २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेने कायम केला. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यावेत. त्रास वाढल्यास मागे यावे. झटापटीचा धोका असलेल्या पायऱ्यांपूर्वी लक्षणे पूर्ण निवलेली असावीत आणि डॉक्टरांची लेखी परवानगी असावी. वर्गातील अभ्यास पूर्ववत होणे ही सामन्याच्या आधीची अट असावी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २००९ साली असा कायदा केला, तो झॅकरी लिस्टेड्ट हा १३ वर्षांचा मुलगा मार बसल्यावर त्याच सामन्यात परत उतरून कायमचा जायबंदी झाल्यानंतर. आपण तशा आहुतीची वाट का पाहावी?

या नियमात एक तरतूद मात्र अत्यावश्यक आहे: संशयावरून बाहेर काढलेल्या विद्यार्थ्याची निवड रद्द होऊ नये, आणि त्याचा क्रीडागुणांवरील हक्क अबाधित राहावा. लपवण्यात लाभ असेल तोवर मुले लपवतील. सांगण्यात तोटा नाही अशी हमी मिळाली की तीच आपण होऊन सांगतील. क्रीडा संचालनालयाने हे परिपत्रकाने करावे. पण आपल्या शाळेपुरता हा नियम सूचनाफलकावर लावण्यास कोणत्याही मुख्याध्यापकाला वरिष्ठांच्या हुकमाची गरज नाही, आणि येत्या स्पर्धांच्या प्रवेशिका भरण्यापूर्वी तो लावला जाणे हे शाळेचे कर्तव्य आहे.